डुकराच्या मटणाचा इश्टू: मसाला कमी, वेळ जास्त

आपल्याकडं डुकराचं मटण आणलं की पहिला हात जातो तो कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीकडं. बेळगाव असू दे, खानापूर असू दे नाहीतर निपाणी, मटण म्हटलं की लालभडक रस्सा आणि वर बोटभर तर्री पाहिजेच, हे डोक्यात पक्कं बसलंय. बकऱ्याला ते चालतंय. पण पोर्कला स्वतःचीच चरबी एवढी असते की त्यावर आणखी वाटीभर तेल आणि चार चमचे तिखट ओतलं की ताटात फक्त तिखट आणि तेल उरतंय, मटणाचा पत्ताच नाही. इश्टू, म्हणजे इंग्रजीतला स्ट्यू, ह्याच्या बरोबर उलटा. मसाला नावाला, भाज्या भरपूर, आणि सगळी चव दोन कामांतनं येते, एक म्हणजे चरबी सावकाश सोडवून घेणं आणि दुसरं म्हणजे प्रत्येक भाजी तिच्या तिच्या वेळेला टाकणं. बाकी सगळं थोडं इकडंतिकडं झालं तरी चालून जातंय.

करायचा मुहूर्त म्हणाल तर आखाड. श्रावण लागायच्या आधी, तिकडं जांबोटी-कणकुंबीला पाऊस एकदा लागला की थांबायचं नाव घेत नाही तेव्हा, नाहीतर मग डिसेंबर-जानेवारीत, भाज्या स्वस्त आणि ताज्या असताना. उन्हाळ्यात कुणी करू नये असं नाही, पण गरम रस्सा आणि घाम दोन्ही एकदम कशाला.

खाली दिलंय ते सहा जणांचं माप. हातात तीन-सव्वातीन तास पाहिजेत, त्यातला निम्मा वेळ पातेलं आपलं आपण शिजत असतं, तुम्ही नुसतं अधनंमधनं झाकण उघडून बघायचं.

मटण घेताना काय बघायचं

एक किलो घ्या, त्यात साधारण 700 ग्रॅम खांद्याचं आणि 300 ग्रॅम पोटाचं, म्हणजे ज्यात चरबी आणि मांसाचे थर एकाआड एक असतात ते. खाटकाला नुसतं "एक किलो दे" म्हटलं की तो समोर असेल ते तोडून देणार, म्हणून भाग सांगूनच घ्यायचा. मांडीचं मटण दिसायला छान, लालसर, चरबी कमी, पण इश्टूला नको, दीड तास शिजवल्यावर ते कोरडं आणि चोथट होतंय. खांद्यात मांसाच्या मधनं पांढरे पडदे आणि शिरा असतात, त्या बघून काही जण नाक मुरडतात, पण त्याच मंद आचेवर विरघळून रस्सा दाट आणि ओठाला किंचित चिकट करतात. कातडं असलं तर काढायला सांगू नका, त्याचाही तोच उपयोग. केस राहिले असतील तर तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवायचा आणि सुरीच्या पाठीनं खरवडायचं.

रंग गुलाबी पाहिजे, चरबी पांढरी आणि घट्ट. पिवळट, मऊ, हाताला बुळबुळीत लागणारी चरबी असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. मांसात जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या, पाणी भरल्यासारख्या पांढऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर ते मटण फुकट दिलं तरी घ्यायचं नाही, त्या टेपवर्मच्या अळ्या असतात. म्हणूनच गावात मोकाट हिंडणाऱ्या डुकरापेक्षा फार्मवर पाळलेलं, खाद्य घातलेलं पांढरं डुक्कर बरं. आता ह्याच विषयावर लोकांचा एक घोळ आहे तो इथंच सांगतो. अर्धं कच्चं पोर्क खाल्लं तर टेपवर्म आतड्यात वाढतो हे खरं, पण ज्याला सगळे घाबरतात ते मेंदूत जाणं, ते होतं त्या किड्याची अंडी पोटात गेल्यानं, आणि ती अंडी येतात ज्या माणसाच्या पोटात टेपवर्म आहे त्याच्या विष्ठेतनं, मग घाण पाण्यातनं, न धुतलेल्या हातानं आणि कच्च्या भाजीतनं. म्हणजे पोर्क कधी तोंडाला न लावणाऱ्यालाही ते होऊ शकतंय. इश्टूतलं मटण तास-दीड तास उकळतंय, त्यात कुठली अळी जिवंत राहणार नाही, पण बाजूला चिरून ठेवलेली काकडी आणि कोबी तीनदा धुवा.

आफ्रिकन स्वाइन फीवरची बातमी आली की लोक पोर्क खायचं सोडतात. 2020 पासून तो आपल्या देशात आहे, डुकरं मरतात, पाळणारा बुडतो, पण माणसाला तो रोग होत नाही.

आणि वासाचं. "डुकराला वास येतो" म्हणतात तो बऱ्याचदा खच्ची न केलेल्या वयात आलेल्या नराचा असतो, चरबी तापली की घाणेरडा उग्र दर्प सुटतो. त्यावर आलं-लसूण कितीही चोळा, लिंबू पिळा, जात नाही. ओळखीच्या दुकानदाराला विचारायचं, मादी आहे का खच्ची केलेला. शंका आली तर चरबीचा बोटाएवढा तुकडा तव्यावर टाकून वास घ्यायचा, सगळं पातेलं चढवायच्या आधी.

आदल्या रात्रीचं काम

खांद्याचे दीड इंचाचे तुकडे करा, लहान नको, शिजून ते चांगले आकसतात. पोटाचे मात्र एक इंचाचे. एकदा पाण्यातनं काढून चाळणीत निथळत ठेवा, मग स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडे करा. हे टिपायचं काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडून देतात, पण ओलं मटण गरम पातेल्यात भाजत नाही, नुसतं वाफेवर पांढरं पडतंय. त्याला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि थोडी भरड मिरपूड चोळून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर जमलं नाही तर निदान एक तास. दही, लिंबू, व्हिनेगर आत्ता काही नको.

भाज्यांची गोष्ट

ह्या बाबतीत बेळगावकर नशीबवान. गणपत गल्लीच्या बाजारात एक चक्कर मारली की पिशवी भरते. बटाटे 400 ग्रॅम, गाजरं पाव किलो, नवलकोल दोन, बीन्स दीडशे ग्रॅम, कोबीचा एक लहान गड्डा घेऊन त्यातला अर्धा, आणि थंडीत हिरवा वाटाणा मिळाला तर मूठभर. आणि एक मोठं रताळं. रताळं आपल्याकडं उपासाचं म्हणून मटणात घालायला लोक बिचकतात, पण तालुक्याच्या पश्चिमेकडच्या लाल मातीतलं रताळं ह्या रश्श्यात जी हलकी गोडी सोडतं ती गाजरानं येत नाही. एकादशीला वेगळं रताळं आणा, हे ह्यासाठी घ्या.

बटाटा कुठला, ह्यानं फरक पडतो. पावसाळ्याच्या शेवटी येणारा नवा, पातळ सालीचा बटाटा आकार धरून राहतो. साठवणीतला जुना बटाटा कडेनं विरघळतो, तो रस्सा दाट करायला चांगला. दोन्ही मिळाले तर निम्मेनिम्मे घाला.

तुकडे मोठे ठेवायचे. बटाट्याचे दोन नाहीतर चार भाग, गाजर दोन इंचाचं, नवलकोल जाड साल काढून सहा फोडी, रताळं जाड चकत्या, बीन्स मधनं मोडलेल्या, आणि कोबी चिरायचा नाही, देठासकट पाचरीसारख्या फोडी करायच्या, म्हणजे पानं सुटून पातेलंभर तरंगत नाहीत.

मसाला म्हणून एवढंच: कांदे तीन मध्यम, लसूण दहा-बारा पाकळ्या, आलं दोन इंच, मिरे दहा-पंधरा, लवंगा चार, दालचिनी इंचभर, तमालपत्र दोन, धणे एक मोठा चमचा भाजून जाडसर कुटलेले, आणि तिखटासाठी संकेश्वरी मिरच्या तीन, बिया झाडून, अख्ख्याच. संकेश्वरी झणझणीत असते, तिला कमी समजू नका. नुसता रंग पाहिजे असेल तर ब्याडगी घाला. आंबटाला सहा आमसुलं. रस्सा बांधायला जोंधळ्याचं पीठ दोन चमचे. आणि पाणी सव्वा लिटर, उकळतं, ह्याची तयारी आधीच बाजूच्या शेगडीवर पाहिजे.

चरबी सोडवणं, इथं घाई नाही

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमचं डबरं नको, शेवटी आमसूल पडणार आहे, आंबटाला ॲल्युमिनियम आणि बिडाची कढई दोन्ही धातूची चव सोडतात आणि रस्सा काळपट होतो. बिडाच्या कढईत मटण भाजून मग पातेल्यात काढणार असाल तर हरकत नाही.

पातेलं थंड असतानाच त्यात पोटाचे तुकडे पसरा, अर्धा कप पाणी घाला आणि मध्यमपेक्षा कमी आचेवर ठेवा. तेल एक थेंब नाही. आधी पाणी उकळेल, तुकडे पांढरे दिसतील, मनात येईल की हे काय चाललंय. मग पाणी आटत जातं आणि आवाज बदलतो. आधी बुडबुड असते, मग एकदम तडतड सुरू होते, म्हणजे पाणी संपलं आणि आता तुकडे स्वतःच्याच चरबीत तळले जातायत. पाणी घालायचं कारण एवढंच की चरबी सुटायच्या आधी मांस करपू नये. पंधरा-वीस मिनिटांत तुकडे कडेनं सोनेरी होतात, पातेल्यात स्वच्छ पिवळसर तेल जमतं. तुकडे काढून बाजूला ठेवा. तेलातलं तीन मोठे चमचे पातेल्यात राहू द्या, बाकीचं गाळून काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. बटाट्याच्या काचऱ्या त्यात परतून बघा एकदा, मग बरणी लपवून ठेवावी लागेल.

आता आच वाढवा आणि खांद्याचे तुकडे टाका, पण सगळे एकदम नाही. पातेल्याचं बूड दिसत राहिलं पाहिजे, म्हणजे तीन खेपा होतील. टाकला की हलवायचा नाही, दोन-तीन मिनिटं तसाच, बुडाला चिकटलेला तुकडा भाजून झाला की आपोआप सुटतो. दोन बाजू तपकिरी झाल्या की पुरे. आतनं कच्चं असलं तर असू दे. पातेल्याच्या बुडाला जी तपकिरी खरवड धरते ती जपा, इश्टूचा रंग आणि चव तिथंच आहे. काळी व्हायला लागली तर मात्र लगेच आच कमी करून दोन चमचे पाणी मारा.

सगळं मटण बाहेर काढलं की त्याच पातेल्यात मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र आणि मिरच्या, वास सुटला की उभा चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ. कांद्याला पाणी सुटलं की उलथन्यानं बूड खरवडत राहा, सगळी खरवड कांद्यात येते. दहा-बारा मिनिटांत कांदा मऊ आणि तपकिरी होतो, मग ठेचलेलं आलं-लसूण, मग धणे. वाटण, खोबरं, कांदा-लसूण मसाला काही नाही. हात शिवशिवतील, आवरा.

शिजवणं

मटण सगळं परत पातेल्यात, साठलेल्या रसासकट, आणि वरनं उकळतं पाणी, मटणाच्या दोन बोटं वर येईल एवढं. गार पाणी ओतू नका, सगळं परत तापायला वेळ जातो. पहिल्या उकळीला करडा फेस वर येईल तो पळीनं काढा. मग आच एकदम बारीक करून झाकण थोडं तिरकं ठेवा. रस्सा खदखदायला नको, इकडं एक बुडबुडा तिकडं एक बुडबुडा, एवढंच. मांसातले ते पांढरे पडदे विरघळायला वेळ लागतो, जाळ लागत नाही, जाळ जास्त झाला तर मांसाचे धागे आवळतात आणि सगळं पाणी पिळून बाहेर पडतं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, इथं पाणी 97-98 अंशालाच उकळतं, त्यामुळं किनाऱ्यावरच्या कुणी सांगितलेल्या वेळेपेक्षा पाच-दहा मिनिटं जास्तीच धरा.

फार्मचं कोवळं डुक्कर असेल तर सव्वा तास, जून असेल तर पावणेदोन तास. तुकडा चमच्यानं दाबल्यावर धागे सुटायला लागले पण तुकडा अजून अख्खा आहे, ही वेळ भाज्या टाकायची.

कुकर चालेल का? चालेल की. कुकरमध्येच मटण भाजा, पाणी पाऊण लिटरच घाला, प्रेशर आल्यावर आच बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडू नका, मटण कडक होतं. पण भाज्यांना कुकरचं झाकण लावायचं नाही म्हणजे नाही, त्या उघड्यावरच, नाहीतर सगळ्याची मिळून लापशी होईल. रस्सा फार घट्ट वाटला तर राहिलेलं गरम पाणी तेव्हा वाढवा.

चुलीवरचा मात्र वेगळाच. आमच्याकडं लई घरांत हे मटण आत चालत नाही. वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि परड्यात तीन दगडांची चूल. आज्जी दारातनंच सांगायची, "काय शिजवायचं ते तिकडं परड्यात शिजवा रे, माझ्या चुलीला लावू नका." त्या निमित्तानं एक फायदाच व्हायचा, कारण जाळ मागं ओढून नुसत्या निखाऱ्यावर ठेवलेलं पातेलं जसं एकसारखं मंद शिजतं तसं गॅसवर जमवायला डोळ्यात तेल घालून उभं राहावं लागतंय. परड्यात करणार असाल तर भाजायचं काम जाळावर करा आणि पाणी घातल्यावर लाकडं बाहेर काढा.

भाज्या टाकायचा क्रम

आधी गाजर आणि नवलकोल, ते सगळ्यात हट्टी. आठ मिनिटांनी बटाटा. आणखी सात मिनिटांनी बीन्स, त्यानंतर दोन-तीन मिनिटांत रताळं, ते दिसायला टणक पण पटकन शिजतं. मग चार-पाच मिनिटांनी कोबीच्या फोडी आणि वाटाणा, वरच्यावर रचून, ढवळायचं नाही, पळीनं रस्सा त्यांच्यावर सोडायचा. बाजूला काढून ठेवलेले पोटाचे कुरकुरीत तुकडे मटणाबरोबरच पडले असतील, पण त्यातले चार-सहा शेवटी वरनं टाकायला लपवून ठेवले तर कुणी नाव ठेवणार नाही.

आठ-दहा मिनिटं गेली की बटाट्यात सुरी घालून बघा. आरपार गेली तरच आंबट घालायचं. आमसूल, टोमॅटो, व्हिनेगर काहीही आधी पडलं की भाज्या मऊ व्हायचं थांबतात, मग अर्धा तास जास्त उकळला तरी बटाटा दाताखाली कचकच करतोच. आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवलेली असतील, ती कुस्करून फक्त ते पाणी घाला, थोडंथोडं, चव बघत. कोडगूची पंदी करी, म्हणजे तिकडचं डुकराचं मटण, ज्या कचंपुळीनं, एका फळाच्या काळ्या आंबट रसानं, आंबट करतात ती आणि आपलं कोकम जवळची भावंडंच, चरबीला हे आंबट बरोबर कापतं. गोव्याचं माडाचं व्हिनेगर घरात असेल तर एक मोठा चमचा, त्याची चव जास्त टोकदार लागते. टोमॅटो मला ह्यात आवडत नाही, रस्सा हॉटेलसारखा होतो.

दाटपणासाठी दोन-तीन बटाट्याच्या फोडी पातेल्याच्या कडेला चमच्यानं चेपा आणि मिसळा. तरी पातळ वाटला तर जोंधळ्याचं पीठ कोरडंच तव्यावर खमंग भाजून, गार पाण्यात गुठळी न होता कालवून ओता आणि पाच मिनिटं उकळू द्या. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घातलं तर चकाकतो, पण जोंधळ्याच्या पिठाची जी भाजकी चव लागते ती नाही. मीठ आत्ता बघा, आधी नाही, कारण रस्सा आटलेला असतो. जास्त झालंच तर गरम पाणी आणि आणखी एक बटाटा, दुसरा इलाज नाही.

गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. चरबी वर तरंगून येते, ती पळीनं हवी तेवढी काढा. सगळी काढू नका, थोडी पाहिजेच.

जोंधळ्याची भाकरी चुरून खाल्ला तर उत्तम, नाहीतर बेकरीचा ताजा पाव. भातावर घ्यायचा असेल तर रस्सा थोडा पातळ ठेवा. बरोबर फोडलेला कांदा.

एक प्रकार आणखी. चोर्ला घाटातनं गोव्याहून कुणी येणार असेल तर चोरीस, म्हणजे तिकडचं मसालेदार पोर्कचं सॉसेज, मागवा, ह्या मापाला आठ-दहा मणी पुरतात. कांदा परतल्यावर टाका, पण मग मिरच्या काढा, मीठ निम्मं करा आणि आमसूल जवळजवळ नकोच, कारण तिखट, मीठ आणि व्हिनेगर तिन्ही त्यातच असतं.

उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी वर पांढऱ्या चरबीचा थर धरलेला असतो, तो सहज उचलून निघतो, ज्यांना चरबी चालत नाही त्यांच्यासाठी हाच दिवस बरा. गरम करताना खळखळून उकळी आणायची, नुसता कोमट करून खायचा नाही. रात्रभरात बटाट्यानं रस्सा ओढून घेतलेला असतो, म्हणून अर्धा कप पाणी घाला आणि मीठ परत एकदा बघा.